एल्फिन्स्टन तांत्रिक विद्यालय: महापालिका मार्गावरील एका शासकीय शाळेची भेट

मुंबईत एल्फिन्स्टन हे नाव इतक्या ठिकाणी आढळते की ही शाळा पाहायला निघालेला माणूस भलतीकडे पोहोचण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून पत्ता आधी देतो. काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालय ही वेगळी संस्था आहे, आणि 2018 पासून प्रभादेवी या नावाने ओळखले जाणारे एल्फिन्स्टन रोड स्थानक तर येथून काही किलोमीटर दूर आहे. शाळा महापालिका मार्गावर, आझाद मैदानासमोर, धोबी तलावाच्या बाजूला उभी आहे. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणि पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी मरीन लाइन्सला उतरून चालत यावे. मेट्रो 3 चे स्थानकही जवळच आहे.

या शाळेची मुळे इमारतीपेक्षा बरीच जुनी आहेत. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 मध्ये पदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमवला, आणि तो अध्यापकांच्या नेमणुकीसाठी राखून ठेवला. त्यातून उभे राहिलेले वर्ग आणि बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा 1840 मध्ये एकत्र येऊन एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन झाली. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नवरोजी यांनी याच परंपरेत अध्यापन केले. 1856 मध्ये महाविद्यालय आणि हायस्कूल वेगळे झाले, आणि आज आपण पाहतो ती शाळा त्यांपैकी हायस्कूलची वारस आहे.

इमारत 1870 च्या दशकातील. आराखडा जी. टी. मोलेसी यांचा, आणि खर्चाचा काही भार व्यापारी सर आल्बर्ट ससून यांच्या दीड लाख रुपयांच्या देणगीने उचलला. समोरच्या पदपथावर उभे राहिले की काळसर दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या रांगा आणि उतरती छपरे एका नजरेत येतात. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. एखादी कमान निवडून तिच्या दगडांचे सांधे जवळून न्याहाळावेत. कमानीतला प्रत्येक दगड वरच्या बाजूला किंचित रुंद घडवलेला असतो, आणि त्या उतारामुळेच वरचे ओझे दोन्ही बाजूंच्या खांबांकडे वळते. हा हिशेब कागदावर वास्तुविशारदाने मांडला असला, तरी दगडात तो पाथरवटांनी छिन्नी-हातोडीने उतरवला. हातांच्या अशा कौशल्याने उभ्या राहिलेल्या वास्तूत आज हातांचे शिक्षण दिले जाते, हे मला अत्यंत योग्य वाटते, आणि नामांकित हायस्कूलचे तांत्रिक विद्यालय झाले म्हणजे त्याची पायरी उतरली, हा अधूनमधून कानी पडणारा सूर मला मुळीच मान्य नाही.

तांत्रिक विद्यालयांतली मुले नेहमीच्या विषयांसोबत कार्यशाळेत काम करतात. कानस दोन्ही हातांनी समतोल धरून लोखंडाचा तुकडा सपाट करायचा, गुण्या लावून काटकोन तपासायचा, उजेडाची फट दिसली की पुन्हा कानस चालवायची: एका साध्या जॉबमागे, म्हणजे कार्यशाळेत घडवायच्या वस्तूमागे, एवढी शिस्त असते, आणि भूमितीच्या वहीतला काटकोन या मुलांच्या बोटांना ठाऊक होतो. अकरावी-बारावीसाठी महाराष्ट्रात द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आहेत, ज्यांत 200 गुणांचा व्यवसाय विषय घेऊनही पदवीची वाट खुली राहते.

याच शाळेत भीमराव आंबेडकर शिकले आणि 1907 मध्ये मॅट्रिक झाले. त्या वर्षांतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते धावत जाऊन बाजूला केले. शासकीय शाळेचे दार कायद्याने उघडे होते, वर्ग मात्र मनाने बंद होता. शाळा पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आधी वाचून जावे, असे मी आवर्जून सांगेन. वास्तुसौंदर्याचे कौतुक त्यामुळे कमी होत नाही, उलट ते अपुरे राहत नाही.

आता प्रवेशाविषयी. ही चालू शाळा आहे आणि याच पत्त्यावर व्यवसाय शिक्षणाचे शासकीय कार्यालयही आहे; त्यामुळे पर्यटनस्थळ समजून थेट आत शिरू नये. आतील भाग पाहायचा असल्यास मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज करावा, त्यात भेटीचा हेतू आणि सोबतच्या व्यक्तींची संख्या लिहावी, आणि परीक्षांचा काळ टाळावा. परवानगी मिळाली तरी विद्यार्थ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. कार्यशाळेत यंत्रे चालू असताना सैल ओढणी किंवा लोंबती पट्टी असलेली पिशवी घेऊन वावरणे धोक्याचे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

केवळ बाहेरून पाहणाऱ्यांनी रविवार निवडावा. दर्शनी बाजू मैदानाकडे तोंड करून असल्याने छायाचित्रांसाठी दुपारनंतरचा उजेड चांगला मिळतो. झाडांच्या फांद्या मध्ये येतात, तेव्हा मैदानाच्या बाजूने थोडे पुढेमागे चालत मोकळी जागा शोधावी लागते. वेळ हाताशी असेल तर याच रस्त्याने सेंट झेवियर्स महाविद्यालय, कामा रुग्णालय आणि किल्ला कोर्ट पाहत महापालिकेच्या मुख्यालयापर्यंत जावे. अंतर फार नाही, मात्र पावसाळ्यात पदपथावरचे दगड निसरडे होतात, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत.