वेशीवरची शाळा

१९५७ साली मुलुंड मुंबई महापालिकेत आलं आणि शहराची वेस आपल्या शाळेच्या पुढे सरकली. आम्ही सत्तरच्या दशकात शिकत होतो, तेव्हा जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर, भरायला नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असे.

नववीत भूगोलाच्या बाईंनी आमच्याकडून परिसरातल्या जमीनवापराचा नकाशा करून घेतला. आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने आणि पूर्वेला खाडीलगत मिठागरं. बाई आम्हाला आगरावर घेऊन गेल्या. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत अडवायचं, उन्हात आटू द्यायचं, मग मीठ ओढून ढीग लावायचे. बांधावर उभ्या असलेल्या आगरी काकांच्या टाचांच्या भेगांत मीठ साचून पांढरं झालेलं होतं. परत येताना बाईंनी विचारलं, "या जागेला उद्या जास्त पैसे कोण मोजेल?"

पुढे भूमापनाच्या नोकरीत मला हाच प्रश्न पुरला. शहरात नवे कारखाने नकोत असं सरकारचं धोरण आलं, जुने आजारी पडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी औद्योगिक जागेवर घरं बांधायची वाट मोकळी केली. भोंगे थांबले, मॉल आणि टॉवर आले. कामगारांची देणी मात्र कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं लटकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

भिवंडीची गोष्ट वेगळी. मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, पण महापालिकेची जकात लागत नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी माल तिथे साठवायला सुरुवात केली. भातखाचरांवर भराव पडला, गोदामं उभी राहिली. ज्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात 'भात' असायचं, तिथे बिनशेतीची नोंद झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. ज्या कारणाने शेत गेलं ते कारण संपलं, तरी खाचर परत येत नाही.

म्हणूनच मिठागरांची काळजी वाटते. कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घ्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. गरिबांना घरं मिळायलाच हवीत. पण मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाण्याला पसरायला हाच सखल पट्टा असतो. त्यावर भराव टाकला तर पाणी वस्तीत शिरेल. हे आपण मुलुंडकरांनी मोठ्याने बोललं पाहिजे.

शाळेला माझी एक विनंती आहे. येत्या हिवाळ्यात नववीचा वर्ग आगरावर न्यावा आणि मुलांकडून नव्याने नकाशा करून घ्यावा. मोजणीची साखळी आणि टेप घेऊन मी सोबत येईन.