वाळवीच्या हमीपत्रातील बारीक अक्षरे: माझा अनुभव

वाळवीच्या कामाचे हमीपत्र हाती पडले, की बहुतेक लोक त्यावरचा वर्षांचा आकडा पाहतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. माझे सांगणे असे, की त्या आकड्याखालची बारीक अक्षरे पैसे देण्यापूर्वी वाचावीत. आमच्या पाच वर्षांच्या हमीपत्रावर ‘तपासणीच्या वेळी जिवंत वाळवी प्रत्यक्ष आढळल्यासच पुन्हा विनामूल्य ट्रीटमेंट’ अशी अट छापलेली होती आणि तिच्यापायी आमचा अख्खा उन्हाळा गेला.

घर सोलापूरच्या उत्तर कसब्यातले, दगडमातीच्या जाड भिंतींचे, वर कडीपाटाचे माळवद आणि खाली शहाबादी फरशी. सागवानाला वाळवी लागत नाही, असे आमच्याकडे सगळेच सांगत आले. पण ते खरे आहे ते गाभ्याच्या लाकडापुरते. जुन्या चौकटींना कडेचा फिकट भाग राहिलेला असतो आणि चौकटीचा पाय मातीत गेलेला असतो, तेथे ओल मिळाली की वाळवी सुरुवात करते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ओल कोठून येणार, असे कोणी विचारील, तर त्याने आमच्या परसातला हौद पाहावा. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे ते येईल तेव्हा हौद काठोकाठ भरून घेण्याची प्रत्येक घराची सवय असते, आणि भरून वाहिलेले पाणी वर्षानुवर्षे त्याच भिंतीच्या पायात मुरत राहते.

पहिली ट्रीटमेंट जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर झाली आणि ती करणाऱ्या मुलांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जमीन आणि भिंत जेथे मिळतात त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोके पाडून त्यांत औषध सोडतात आणि भोके सिमेंटने बुजवतात. उभ्या इमारतींसाठी ही पद्धत भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. चौकटींनाही तिरपी भोके पाडून औषध दिले. एका दिवसात काम संपले आणि हमीपत्रावर शिक्का बसला.

उन्हाळा लागता लागता मधल्या खोलीच्या चौकटीवर, वाळवी जिच्या आतून ये-जा करते ती मातीची नळी पुन्हा दिसली. बोटाच्या टिचकीने चौकट वाजवली, तर खालचा हातभर भाग पोकळ वाजत होता. मी फोन केला, ‘उद्या माणूस पाठवतो’ हे उत्तर बरेच दिवस ऐकले, आणि अखेर माणूस आला तो भर वैशाखात, दुपारी बाराच्या सुमारास. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नळी वरपासून खालपर्यंत खरवडली, कोरडी माती फरशीवर पडली आणि तो म्हणाला, ‘‘काकू, रिकामी आहे बघा. यात काहीच नाही.’’ तपासणीच्या कागदावर ‘सक्रियता आढळली नाही’ असे लिहून त्याने माझी सही मागितली. मी सही केली नाही, आणि माझ्या सर्वांत उपयोगी पडलेल्या हट्टांपैकी तो एक होता, कारण सही केली असती तर ती तक्रार तेथेच निकाली निघाली असती.

हमी देणाऱ्यांच्या कार्यालयात गेल्यावर टेबलामागच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, की अहवालात सक्रियता नसेल तर ते काही करू शकत नाहीत. मी पोकळ चौकटीचे सांगितले, तर ते जुने नुकसान असू शकते म्हणाले. नवी नळी ट्रीटमेंटनंतरची आहे म्हटले, तर ती आधीचीही असू शकते म्हणाले. तारखेचा फोटो दाखवला, तर फोटोत नळी आहे, वाळवी कोठे आहे, असे विचारले. घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, ती काय पाहुण्यांसारखी भर दुपारी दारात येऊन बसणार आहे होय?’’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. वाळवीच्या कामकरी किड्यांची कातडी नाजूक असते, उजेड आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही, म्हणून तर त्या मातीच्या नळ्या बांधतात. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना त्या भिंतीच्या वरच्या भागातून निघून ओलीकडे, खोल मातीत जातात. तेव्हा तपासणीसाठी सकाळी लवकरची वेळ मागावी, आणि ती मिळत नसेल तर पुरावा आपणच तयार ठेवावा. नळी कधीही पूर्ण खरवडू देऊ नये. मध्येच बोटभर तुकडा तोडावा आणि पेन्सिलीने शेजारी तारीख लिहावी. काही दिवसांत ओल्या, गडद मातीने ते खिंडार बुजले, तर आत वाळवी चालू आहे हे कोणालाही नाकारता येत नाही. आमचे खिंडार बुजले. तोही फोटो नेला, आणि तेथेही मला तेच उत्तर मिळाले: ‘‘मॅडम, अटीत जिवंत वाळवी म्हटलेले आहे.’’

मग मी वाळवीच पकडायचे ठरवले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाण्यात भिजवून, त्याची घट्ट गुंडाळी करून ती नळीच्या पायथ्याशी भिंतीला लावून ठेवली आणि उजेड जाऊ नये म्हणून वर घमेले पालथे घातले. पुठ्ठा म्हणजे वाळवीचे खाद्यच, शिवाय ओल आणि अंधार. रोज संध्याकाळी कडेने थोडे पाणी शिंपडत होते. काही दिवसांनी पहाटे घमेले उचलून गुंडाळी उलगडली, तर पुठ्ठ्याच्या प्रत्येक नालीत तांदळाच्या कणीएवढे दुधट किडे भरलेले होते आणि मधूनमधून पिंगट डोक्याचे सैनिक जबडे उघडून फिरत होते. किळस आली हे खरे, पण आनंद जास्त झाला. ओला कागद घातलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गुंडाळी घालून, झाकण सैल लावून मी ती कार्यालय उघडताच त्या टेबलावर नेऊन ठेवली. गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली. अहवाल त्याच दिवशी बदलला गेला. पुतण्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लिहून दिला होता, तो लावायची वेळ आली नाही.

या सगळ्या काळात नळीवर रॉकेल किंवा झुरळांचा स्प्रे मारण्याचा मोह होतो, तो आवरावा. वरच्या चार किड्यांपलीकडे काही मरत नाही, बाकीच्या दुसरीकडून वाट काढतात आणि आपला पुरावा जातो. स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल लावले असेल तर त्याच्याजवळही स्प्रे नको, कारण मग झुरळे त्या जेलला तोंड लावत नाहीत.

दुसऱ्या वेळी औषधाचे नाव आणि प्रमाण मी कागदावर लिहून घेतले. पहिल्या बिलावर नुसतेच ‘वाळवी औषध’ होते. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर एक लिटर पाण्याला 2.1 मिलिलिटर, क्लोरपायरिफॉस 20 टक्के असेल तर एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी. क्लोरपायरिफॉसचा वास उग्र असतो आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून आम्ही इमिडाक्लोप्रिड घेतले. त्याला वास जवळजवळ नसतो, वाळवीला ते कळत नाही, आणि अंगाला लागलेले औषध ती दुसऱ्यांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे परिणाम दिसायला वेळ लागतो हे मात्र ध्यानात ठेवावे. व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्यांना कीटकनाशक नियमांखाली परवाना लागतो, त्याचा क्रमांकही विचारावा. हौदाला काठाखाली वाहून जाणारा पाइप बसवून त्याचे तोंड भिंतीपासून दूर काढले, ते काम प्लंबरने लगेच करून टाकले.

मृगाच्या पावसानंतर दिव्याभोवती पंखाचे किडे आले, तेव्हा घरात पुन्हा धास्ती पसरली. त्यांतले काही मी ताटलीत घेऊन पाहिले. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात आणि कंबर बारीक नसते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर अगदी चिमटलेली. आमच्या ताटलीत मुंग्या होत्या. चौकटीवर आता नळी नाही, पोकळ झालेला भाग कापून सुताराने खाली दगडी उथळा बसवून दिला आहे. हमी मात्र अजूनही पहिल्या ट्रीटमेंटच्या तारखेपासूनच मोजली जाते. दुसऱ्या कामापासून ती नव्याने धरावी, असा अर्ज मी दिलेला आहे आणि त्याच्या पोचेवर शिक्का मारून घेतलेला आहे.