चूकभूल द्यावी घ्यावी

गुरुवार, रात्री सव्वादहा

आज दोन पावत्या तपासल्या. एक माझी, एक अनोळखी बाईंची.

महिन्याचं सामान भरायला संध्याकाळी सुपरमार्केटात गेले होते. पगाराचा आठवडा, त्यामुळे रांगा पार धान्याच्या पोत्यांपर्यंत आलेल्या. बिल झालं की मी दाराजवळ बाजूला उभी राहते आणि तिथेच पावती वाचते. घरी येऊन वाचली की वीस-पंचवीस रुपयांसाठी कोण परत जाणार, म्हणून सोडून दिलं जातं. आज चष्मा डोळ्यांवर चढवते न चढवते तोच एक बाई जवळ आल्या. खांद्याला एकच पिशवी, हातात पावती.

"ताई, जरा बघता का? पावणेचारशेच्या आसपास होतील असा हिशोब करून घेतलं होतं मी. पाचशे बावीस कसे झाले?"

पावतीवर सगळी नावं इंग्रजीत आणि तीही मध्येच तोडलेली. तूरडाळीची जेमतेम तीन अक्षरं छापलेली. त्या मराठी वाचतात, आकडे तर माझ्यापेक्षा भराभर वाचतात, पण ही पावती त्यांना वाचता येणार कशी? विजेचं बिल मराठीत येतं, मग डाळ-तांदळाचं का येऊ नये? याचा मला खरंच संताप येतो. पैसे ज्याने दिले त्याला पावती वाचता आली पाहिजे.

मी रकमेच्या मागे आधी लागत नाही. आधी नग मोजते. पिशवीत पाच वस्तू होत्या: तेलाची पिशवी, दोन किलो साखर, अर्धा किलो तूरडाळ, चहाचा छोटा पुडा, साबण. पावतीच्या तळाशी एकूण नग 6. मग वर बोट फिरवत गेले तर तेल दोनदा. 148 आणि खाली पुन्हा 148. एक वजा केलं की 374. त्यांचा मनातला हिशोब रुपयाभरापेक्षा जास्त चुकला नव्हता!

काउंटरवरचा मुलगा सकाळपासून उभा असणार. मी आवाज न चढवता म्हटलं, "दादा, तेल एकच आहे, मशीनवर दोनदा लागलंय बघा." त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि लगेच मान्य केलं. पण बिलातली वस्तू रद्द करणं त्याच्या हातात नसतं, सुपरवायझरचं कार्ड लागतं. सुपरवायझर येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. मागे रांगेत कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला, तेव्हा बाई मला हळूच म्हणाल्या, "जाऊ दे का ताई?" मी म्हटलं, नाही, थांबू या. 148 रुपये मिळाले, त्यांनी दोनदा मोजले आणि रुमालात बांधले.

"जाऊ दे" हे फार वाईट. किती वेळा आपण रांगेच्या लाजेने पैसे सोडतो. कोपऱ्यावर दुधाच्या पिशवीमागे दोन रुपये जास्त देतो, पाण्याची बाटली थंड आहे म्हणून वर पाच देतो. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही, थंड करण्याच्या नावाखालीसुद्धा नाही. दुकानदार ऐकत नसेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करता येते किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. बाईंना तो नंबर पावतीच्या मागे लिहून दिला.

ही सवय आईची. सांगलीला आमचं वाण्याकडे महिन्याचं खातं होतं, लाल कापडी बांधणीची वही. पहिल्या तारखेला बाबा वही मोठ्याने वाचायचे आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघायची. ज्या दिवशी जे आणलं ते ती त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात टिपून ठेवायची. "साखर 14 तारखेला आणलीच नव्हती," ती म्हणायची, आणि बाबा पेन्सिलने खूण करायचे. एका महिन्यात उलटं झालं. कॅलेंडरवर अर्धा किलो गूळ होता, वहीत नव्हता. मी म्हटलं, बरं झालं की! आईने वही माझ्या हातात दिली आणि गूळ लिहून आणायला पाठवलं. वाणीकाकांनी तो लिहिला. पानाच्या तळाशी रबरी शिक्का असायचा, चू. भू. द्या. घ्या. त्याचा अर्थ त्या दिवशी आईने मला फोड करून सांगितला.

लग्न होऊन डोंबिवलीला आले, तर सासूबाई मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासद. 1975च्या गुढीपाडव्याला सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ, महिन्याचं सामान एकाच घरी उतरायचं आणि आम्ही बायका यादी घेऊन सतरंजीवर बसायचो. कुणाची डाळ कमी, कुणाचा साबण जास्त, सगळं तिथल्या तिथे. एकीची नजर चुकली तर दुसरीची पडायची. आता मशीन करतं ते काम आणि आपण मशीन चुकत नाही असं धरून चालतो. मशीन बेरीज चुकत नाही, हे खरं. पण आतला भाव माणसानेच भरलेला असतो.

2025च्या सप्टेंबरात ते नीट कळलं. 22 तारखेपासून शाम्पू, साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. मी तोवर नेहमी 236 रुपयांची शाम्पूची बाटली घ्यायचे. त्यात 200 रुपये मूळ किंमत आणि 36 कर. 5 टक्क्यांनी कर होतो 10, म्हणजे बाटली 210ला पडायला हवी. महिनाअखेरीस दुसऱ्या एका दुकानात घेतली तर पुन्हा 236च. पावतीच्या तळाशी कराचा छोटा तक्ता असतो, तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्यात शाम्पूपुढे केंद्राचे आणि राज्याचे मिळून अजून 9 आणि 9 टक्के होते, खरं तर अडीच आणि अडीच हवे होते. काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला दाखवलं, त्यांनी कॉम्प्युटरमध्ये दर बदलला आणि मला 26 रुपये परत दिले. माझ्या आधी त्या आठवड्यात ती बाटली किती जणांनी नेली असेल, हा विचार कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

आज त्या बाईंच्या नादात माझी पावती मात्र तपासायची राहिली. घरी डबे भरताना लक्षात आलं. चहाचे दोन पुडे आणले, पावतीवर एकच. नग मोजले, 23. ओट्यावर मांडलेले, 24.

नऊ वाजायला आले होते. एक पुडा पिशवीत घातला आणि परत गेले. तोच मुलगा होता. मला पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. "काकू, अजून काही जास्त लागलं का?" मी पुडा पुढे ठेवला आणि म्हटलं, "नाही रे बाळा, हा लावायचा राहिलाय." त्याने माझी पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मग पुडा मशीनसमोर धरला. दिवसाच्या शेवटी गल्ला जुळला नाही तर पैसे त्याच्या पगारातून जातात, हे त्याने सुटे परत करताना सांगितलं.

ती पावती इथे चिकटवली आहे. या कागदावरची अक्षरं उडून जातात, म्हणून शेजारी पेनने लिहून ठेवते: चहा, 1 नग, 145 रुपये.