तीनशे तीस रुपयांचा हप्ता

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेच्या अमळनेरच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. शटर वर जायच्या आधीच पायरीवर पेन्शनर बसलेले असतात. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या आजीबाईंचा अंगठा मशीन घेत नाही, मग शिपाई ओल्या फडक्याने तो पुसतो, पुन्हा दाबायला लावतो. कर्जाचं टेबल त्याच रांगेच्या तोंडाशी. 2024 च्या त्या गर्दीतून सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार वाट काढत आले आणि मी ‘बसा’ म्हणेपर्यंत उभेच राहिले. वय 48.

त्यांची फाइल मी अजून विसरलो नाही. प्रत्येक कागद तारखेच्या क्रमाने, पीपीओला, म्हणजे पेन्शनच्या आदेशाला, लॅमिनेशन, डिस्चार्ज बुकला खाकी कव्हर. आमच्याकडे डॉक्टर आणि वकीलसुद्धा पिशवीतून कागद ओततात.

गावाबाहेरच्या एनए लेआउटमधला प्लॉट त्यांच्या नावावर होता. बांधकामाला 19 लाख हवे होते. सुरुवातीलाच त्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, ‘माजी सैनिकांना स्वतःचा एक रुपया न घालता घर’. तो अमेरिकेचा निघाला. तिकडे 1944 च्या कायद्यापासून माजी सैनिकाच्या गृहकर्जाच्या काही भागाची हमी सरकार सावकाराला देतं, म्हणून सुरुवातीची रक्कम न भरता कर्ज मिळू शकतं. आमच्या खिडकीवर मात्र फौजी हा निव्वळ पेन्शनर. सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, सत्कार करतील, नारळ देतील. कर्जाच्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही. आणि फॉर्ममधला ‘पेन्शनर’ म्हणजे साठीचे गुरुजी. बेचाळिसाव्या वर्षी घरी आलेला माणूस तो फॉर्म करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कधी आलाच नसावा.

आता हिशेब. आकडे सोयीसाठी गोल केलेत. मूळ पेन्शन 22,000. 2018 ला घरी येताना त्यांनी निम्मी ‘विकली’, म्हणजे कम्युटेशन. महिन्याच्या 11,000 च्या बदल्यात बारा लाखांच्या आसपास रक्कम एकदम हाती आली. त्यात बहिणीचं लग्न, भावाच्या केळीला बोअर आणि हा प्लॉट. विकलेला भाग पंधरा वर्षांनी, म्हणजे 2033 ला, पुन्हा सुरू होतो. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं की महागाई भत्ता उरलेल्या निम्म्यावर नाही, पूर्ण 22,000 वर मिळतो. तेव्हा दर 53 टक्के होता. म्हणजे 11,000 अधिक 11,660, खात्यात येणारे 22,660. आमच्या नियमाने त्यातलं निम्मं हप्त्याला धरायचं, 11,330. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, लाखाला 868 रुपये हप्ता. तेरा लाख बसतात. ‘दादा, 19 होणार नाहीत, 13 होतील,’ मी म्हणालो. पत्नीला सहकर्जदार केलं. पीपीओत ‘मंगलबाई’, आधारवर ‘मंगला’, त्या ‘बाई’साठी वेगळं प्रतिज्ञापत्र. फाइल वर पाठवली.

चार दिवसांनी कर्ज मंजूर करणाऱ्या आमच्या हबकडून शेरा आला: पात्र रक्कम 38,000.

अडतीस हजार! मला वाटलं, शून्य खाल्लं. तसं नव्हतं. ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीच्या स्लिपवर कम्युटेशनचे 11,000 वजावटीत दिसतात. हबच्या साहेबांनी ते चालू कर्जाचा हप्ता समजून 11,330 मधून पुन्हा वजा केले. उरले 330. माझ्या आकड्यात ते आधीच वजा होते. म्हणजे विकलेली पेन्शन आम्ही त्यांच्याकडून दोनदा कापली. फोन केला तर पलीकडून उत्तर, ‘डिडक्शन म्हणजे डिडक्शन.’ पुण्यात बसून शंभर फाइली उपसणाऱ्याला मी किती दोष देऊ? ‘ही रक्कम वजा करूनच उत्पन्न धरले आहे’ ही एक ओळ मी नोटमध्ये लिहायला हवी होती. लिहिली नव्हती.

हवालदारसाहेबांना बोलावून शेरा दाखवला. वाटलं, भडकतील. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि माझ्याच रफ कागदावर 22,660 पासून गणित मांडलं. चूक सापडायला त्यांना मिनिटही लागलं नाही. मग 2033 वर बोट ठेवून विचारलं, ‘साहेब, नऊ वरीसमा मनी अर्धी पेन्शन वापस येणार शे. ते लिखाले जागाच नही का?’

नव्हती. उत्पन्नाचा रकाना एकच, आजचा. विकलेला भाग परत आला की 53 टक्के भत्त्यानेच 33,660 होतात, म्हणजे त्यांचे 19 लाख जवळपास बसतात. वीस वर्षांच्या कर्जातली शेवटची अकरा वर्षं ते वाढीव पेन्शनवर काढणार. नऊ वर्षांनी हप्ता वाढवायचा प्रस्ताव मी दीड पान लिहून जोडला. उत्तर आलं, ‘योजनेत तरतूद नाही.’ चूक दुरुस्त होऊन 13 लाख मात्र मंजूर झाले. त्यांनी आराखड्यातला वरचा मजला खोडला. कॉलमच्या सळया वर काढून ठेवणार म्हणाले.

माझं लक्ष गेलं ते आकडा हास्यास्पद होता म्हणून. हबने सहा-सात लाख म्हटलं असतं, तर मी निमूटपणे ‘दादा, बसत नाही’ म्हणून मोकळा झालो असतो. हे डोक्यातून जाईना, म्हणून एका रविवारी मागच्या दोन वर्षांतल्या फौजींच्या परत आलेल्या फाइली काढल्या. तीन होत्या. दोन ठीक होत्या. तिसरी नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या पारोळ्याकडच्या एका फौजीची, त्यात तेच झालं होतं. शेऱ्याखाली माझीच सही.

त्यांना फोन केला. पतपेढीतून जास्त व्याजाने कर्ज घेऊन त्यांनी काम उरकलं होतं. काय झालं होतं ते सांगितल्यावर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, स्लॅब टाकून सहा महिने झाले, या एकदा घर बघायला.

अजून गेलो नाही.