सेकंडहँड 650, महिना पहिला

गाडी घेऊन आज बरोबर महिना झाला. सेकंडहँड बाईक, 650 सीसी, जोडसिलिंडर. रोज नाशकात इंदिरानगर ते सातपूर ऑफिसला हीच.

सकाळी मुंबई नाक्यावर अडकलो. दोनशे किलोच्या वरचं धूड, उजव्या पायाला इंजिनाची धग, आणि शेजारच्या ॲक्टिवावरचे काका काच खाली असल्यासारखे निवांत विचारतात, "किती देते?" म्हटलं, शहरात बावीस-तेवीस. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलगा वाया गेलाय. (आईचंही मत तेच आहे.)

पण संध्याकाळी घराकडे वळायच्या ऐवजी हँडल आपोआप त्र्यंबक रोडला गेलं. महिरावणीनंतर रस्ता मोकळा झाला आणि गाडीने खरा आवाज काढला. क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरतीत बदलणारा दांडा) 270 अंशांचा, त्यामुळे दोन्ही सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत. तो लंगडता, जड ठोका त्यातूनच येतो. ओव्हरटेकला गिअर पाडावा लागत नाही, नुसती मूठ पिळायची. अंजनेरीच्या पायथ्याशी चहा घेतला, डोंगरावर ढग टेकले होते.

जुनी घेताना एक चूक केली. टायरच्या कडेवरचा तारखेचा आकडा बघितलाच नाही. शेवटचे दोन अंक वर्षाचे असतात. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून खूश होतो, पण रबर सहा वर्षांचं, कडक. पहिल्या पावसात मागचं चाक सरकलं तेव्हा कळलं. नवीन जोडीच्या खर्चाचा आकडा घरी सांगितलेला नाही. इथे घरचं कोणी असेल तर कृपया पोस्ट वाचली नाही असं समजावं.