ओला, कोरडा, नोंद नाही

आपल्या शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, माडांपासून मुद्दाम लांब, एक पर्जन्यमापक होता. आताच्या मुलांना तो ठाऊक नसेल. गणिताच्या सरांनी तो खटपट करून बसवून घेतला होता, आणि सकाळी साडेआठला माप घ्यायची पाळी आम्हा मुलांची असे. नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांसमोर सरळ धरायचं आणि पाण्याचा खोलगट तळ जिथे टेकतो तो आकडा वाचायचा. आषाढात एका मापात पाणी मावायचं नाही. तीन-तीनदा ओतून बेरीज करायची. आपण भिजलो तरी चालेल, वही भिजता कामा नये.

नववीत, १९७४ साली, एकदा माझी पाळी असून मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी अंदाजाने एक आकडा लिहून टाकला. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. ते रागावले नाहीत. आकड्यावर रेघ मारून त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘नोंद नाही’. मग जवळ बसवून म्हणाले, "शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंद नाही म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही."

सहामाही झाल्यावर सरांनी ती वही वर्गात आणली. प्रत्येक दिवसाला एक अक्षर दिलं, ओला तर ‘ओ’, कोरडा तर ‘को’. फळा भरून गेला. ओल्यामागून ओला किती वेळा, ओल्यामागून कोरडा किती वेळा, असे चार रकाने आम्ही मोजले. पावसाने धरलं की सोडत नाही आणि उघडीप पडली की तीही टिकते, हे घरी आजीसुद्धा सांगायची. पण ‘किती टिकते’ याला आकडा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलो. संख्याशास्त्रज्ञ हुजूरबाजारांनी १९५३ साली सुरू केलेला तो विभाग. तिथून कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत संशोधनासाठी गेलो. तिथल्या ग्रंथालयात एका संध्याकाळी वाचलं की मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं हाताने मोजली होती. त्यांत ८,६३८ स्वर. स्वरामागून स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, व्यंजनामागून स्वर येण्याची ०.६६३. स्वर स्वराला टाळतो, आपला पाऊस पावसाला धरून राहतो, एवढाच फरक. रकाने तेच चार! त्या रात्री सरांना पत्र लिहिलं.

माझा विषय पुढे दुर्मीळ घटनांचा झाला. दहा नाणी उडवली आणि सगळे छापे पडले, हे १,०२४ मध्ये एकदा. वीस नाण्यांना तेच दहा लाखांतून एकदाच्या आसपास. ही घसरण नेमकी कोणत्या वेगाने होते, याचा व्यापक सिद्धांत श्रीनिवास वरधन या गणितज्ञांनी उभा केला. त्यांची पीएच.डी.ही १९६३ सालची, त्याच संस्थेतली. २००७ साली त्यांना आबेल हे गणितातलं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. पण दिवस नाण्यांसारखे सुटे नसतात. ओल्याला ओला चिकटत गेला की सलग पंधरा दिवस झोडपणारा पाऊस वाटतो तितका दुर्मीळ उरत नाही. माझं बरंचसं काम या चिकटण्यावर आहे.

प्रबंध द्यायच्या महिन्यात एका प्रमेयाची सिद्धता मध्येच अडली. ‘हे उघड आहे’ असं लिहून पुढे जाता आलं असतं. मी लिहिलं, ‘या पायरीची सिद्धता माझ्याकडे नाही’. ती पायरी सुटायला पुढे चार वर्षं लागली, आणि माझा सगळ्यात चांगला लेख तोच.

सर आता नाहीत. पावसाच्या त्या वह्या मात्र शाळेच्या ऑफिसमधल्या लाकडी कपाटात, हजेरीपटांच्या खाली असायच्या. वाळवीने खाल्ल्या नसतील तर मला कळवा. मृगाच्या आधी मी येतो, पानन् पान उतरवून काढतो. लाल शाईतलं ते पानही.