आज बाबांनी विचारले नाही

नागपंचमी, मंगळवार, २९ जुलै २०२५. रात्रीचे साडेदहा.

आज बाबांनी विचारले नाही. घडले आहे ते एवढेच, आणि त्यासाठी वही उघडून बसावे असे यात काही नाही हे मलाही कळते. पण संध्याकाळपासून दुसरे काही सुचलेले नाही, म्हणून लिहायला घेतले आहे.

१४ जूनला नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला, तेव्हापासून हे रोजचे ठरलेले होते. शेतातून आले की बाबा न्हाणीच्या दगडावर उभे राहतात, डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढून खुंटीला अडकवतात, एका पायाने दुसऱ्या पायाचा चिखल घासत तांब्याने पाणी ओततात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "लागली काय गे?" काय लागली ते सांगावे लागत नाही. मी "नाही अजून" म्हणते, ते "बरं" म्हणतात आणि चहाला बसतात. या तीन शब्दांचा मला किती राग येत होता, हे आईला ठाऊक आहे. गेल्याच आठवड्यात मी तिला म्हटले होते की, लागली की मीच सांगेन, रोज विचारल्याने प्रवेशाची यादी लवकर लागत नाही, असे बाबांना एकदा सांग. तिने ते सांगितले की नाही, हे मी विचारलेले नाही. आज संध्याकाळी दिवे लागले, चहा झाला, बाबा गोठ्याकडे गेले आणि प्रश्न आलाच नाही, तेव्हा पहिल्यांदा वाटले की आईने सांगितले असणार. त्यानंतर जे वाटले ते लिहायला हात धजत नाही. त्यांनी माझी आशा सोडली असेल काय?

आज पंचमी असल्यामुळे ते दिवसभर घरीच होते. आज मातीत कुदळ घालायची नाही, विळीवर काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. त्यामुळे माळावरच्या रताळ्याच्या सहा सऱ्या तशाच राहिल्या आहेत आणि कापून आणलेले वेल ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले आहेत. म्हणजे रोज त्यांना जो प्रश्न संध्याकाळी एकदाच विचारता येतो, तो आज सकाळपासून केव्हाही विचारता आला असता. मी फोन हातात घेऊन त्यांच्यासमोरच बसले होते. नागाच्या चित्राला दूध-लाह्या वाहून झाल्या, आजीने कडबू उकडले, आईने तंबिटाचे लाडू वळले, जेवणे झाली, पाऊस दोनदा उघडला आणि दोनदा आला. एकदाही त्यांनी फोनकडे पाहिले नाही.

दुपारी माझी जुनी मैत्रीण येऊन गेली. पंचमीला माहेरी आली आहे, कडेवर बाळ होते. पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, दोन वर्षे आम्ही एकाच बाकावर बसत होतो. जाताना उंबऱ्यावर उभी राहून तिने मायेनेच विचारले, "मग, यंदा तरी?" तिच्या मनात काही नव्हते, हे मी जाणते. तरी तेवढ्या शब्दांनंतर मला तिच्या बाळाला नीट घेताही आले नाही. ते असो.

मला या वाट पाहण्याचे वाईट वाटते ते असे की, ती कशाची आहे हेच धडपणे सांगता येत नाही. गेल्या वर्षी ५ मे २०२४ला नीट दिली, आणि १४ जूनला लागणार म्हणून सांगितलेला निकाल ४ जूनलाच लागला. मग पेपर फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारेपर्यंत, आपण परीक्षा दिली आहे की द्यायची आहे, हेही नक्की नव्हते. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आधी बरोबर धरली होती. शेवटी एकच धरले गेले, आणि ते माझे नव्हते. चार गुण गेले आणि चुकीचा एक वजा झाला. ५४६चे ५४१ झाले. त्या पाच गुणांनी काहीही फरक पडणार नव्हता, कारण त्या वर्षी इतक्या जणांना इतके गुण होते की ५४१ला सरकारी जागा मिळण्याची शक्यताच नव्हती. तरी ते पाच गुण मला अजून आठवतात, बाकीचे ५४१ आठवत नाहीत.

यंदा लातूरला क्लाससाठी वर्ष काढून ४ मेला पुन्हा पेपर दिला. त्या वर्षाचा खर्च कसा उभा राहिला, ते इथे लिहीत नाही. भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड होता की परीक्षेच्या केंद्राबाहेर मुले-मुली भिंतीला टेकून रडत होती, त्यांत मीही होते. गुण ४८७ आले. ७२०पैकी ४८७, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ५४ने कमी. पण पेपर सगळ्यांनाच कठीण गेला होता. गेल्या वर्षी सुधारित निकालातसुद्धा सतरा जणांना पैकीच्या पैकी होते, यंदा देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत, आणि त्यामुळे माझे गुण खाली येऊनही क्रमांक गेल्या वर्षीच्या निम्म्याहून पुढे सरकला. हे बाबांना कसे समजावून सांगावे, या विचाराने मी त्या रात्री दोनदा सुरुवात करून थांबले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे पीक कमी, भाव जास्त." माझ्या क्लासच्या सरांनीही इतक्या थोडक्यात ते सांगितले नव्हते.

पण भाव किती जास्त, हे यादी लागल्याशिवाय कळत नाही, आणि माझी सगळी तगमग तेवढ्याच एका गोष्टीची आहे. मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून बसावे तर ते यंदाच्या गुणांना लागू होत नाहीत; क्रमांक धरून हिशेब करावा तर माझ्या थ्री-बी या मागास प्रवर्गाच्या ग्रामीण कोट्यात शेवटची जागा कुठे थांबेल ते कोणी सांगू शकत नाही. मी काठावर आहे. साफ बाहेर असते तर बी.एस्सी.ला नाव घालून मोकळी झाले असते, आणि साफ आत असते तर आज तिच्या बाळाला मांडीवर घेऊन खेळवले असते.

आणि आम्हा सीमाभागातल्यांना एक सोडून दोन याद्यांकडे डोळे लावून बसावे लागते. इकडे कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाची, म्हणजे केईएची, तिकडे महाराष्ट्राच्या सीईटी सेलची. इकडे मराठी शाळेत शिकल्यामुळे कन्नड माध्यमाचे आरक्षण मला लागू नाही, पण पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली म्हणून ग्रामीणचे आहे. तिकडे वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी मुलांसाठी मोजक्या जागा राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्या ८६५मध्ये आमचे गाव आहे. गेल्या बुधवारी तो अर्ज भरायला बाबा आले होते. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेली फाईल त्यांनी उघडली आणि कागद एकेक करून माझ्या हातात दिले: शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे एस.एस.एल.सी., पी.यू.सी.ची दोन्ही वर्षे, ग्रामीणचा दाखला, जात-उत्पन्नाच्या दाखल्याचा आर.डी. नंबर. क्रम एकदाही चुकला नाही. बाबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. कानडी बोलतात, पण वाचता येत नाही. तरी शाळेचा दाखला माझ्या हातात देताना त्यांनी मातृभाषेच्या रकान्यातल्या तीन कानडी अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे हिथं मराठी लिवलंय, हे दाखीव." अंगठ्याच्या नखात लाल माती होती आणि दाखल्यावर ती लागू नये म्हणून त्यांनी बोट कागदापासून केसभर वर धरले होते. ते बोट मला आज दिवसभर दिसत आहे. इतक्या जपून कागद धरणारा माणूस एका आठवड्यात आशा कशी सोडेल?

पण सोडली नसेल तर विचारले का नाही?

मी हे दहा वेळा उलटसुलट करून पाहिले. आईने सांगितले असेल तर त्यांना लागले असेल, आणि तो दोष माझा. आईने सांगितले नसेल तर त्यांना कोणीतरी गावात काही बोलले असेल. किंवा धाकट्याच्या फीचा विषय निघाला असेल, कारण त्याचेही यंदा दहावीचे वर्ष आहे आणि त्याने अजून स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही. दीड महिना ज्या प्रश्नाने मी चिडत होते, तो एक दिवस आला नाही तर मला घरात बसवत नाही. तो प्रश्न रोज येत होता तोवर, अजून काहीतरी लागायचे आहे असे घरातले कोणीतरी धरून चालले होते. मी स्वतः कधीच तसे धरून चालले नव्हते, मी केवळ फोन पुन्हा पुन्हा उघडत होते. आजीला बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ठेवले होते तेव्हाच्या त्या अकरा रात्री मला आठवतात. तेव्हापासून पर्यायांच्या यादीत पहिल्या क्रमांकाला बिम्सच, म्हणजे त्याच सिव्हिलचे मेडिकल कॉलेज, असणार हे ठरलेले होते, त्यानंतर हुबळी, गदग, कारवार. पण ते कसे ठरले ते मी कोणालाच सांगितलेले नाही, आणि आजही नको.

साडेनऊला राहवले नाही म्हणून गोठ्यात गेले. बाबा म्हशीच्या अंगाखाली कोरडा पाला पसरत होते. मी म्हटले, "बाबा, आज लागली नाही."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"दुपारी घडीभर स्टँडवर जाऊन आलो की. झेरॉक्सवाला पोरगा बघून सांगतोय. रोज शेतातनं येताना विचारूनच येतोय मी."

रोज. मला क्षणभर कळलेच नाही. "मग घरी येऊन मला कशाला विचारत होतासा?"

त्यांनी हातातला पाला सारखा केला. पावसाचा आवाज पत्र्यावर इतका होता की पुढचे मला जवळ जाऊन ऐकावे लागले. "लातूरहून आल्यापास्नं तू बोलतच नव्हतीस गे. तेवढ्यापुरतं तरी बोलत होतीस."

"आणि आज?"

"आज घरातच हुतो की दिसभर. आज बोललीस."

मी काय बोलले होते, ते आठवून पाहिले. लाह्या कमी पडल्या म्हणून सांगितले होते. आजीच्या कडबूत गूळ जास्त झाला म्हटले होते. नागाच्या चित्रातला एक फणा धाकट्याने चुकवला म्हणून हसले होते. हे सगळे मी बोलले होते आणि त्यांनी ते मोजले होते.

मी तिथेच पालथ्या घातलेल्या पाटीवर बसले आणि बराच वेळ रडले. बाबा काही म्हणाले नाहीत, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. त्यांनी मला समजावायला म्हणून खोटे सांगितले असेल, असाही विचार मनात येऊन गेला, आणि आता लिहितानाही तो पुरता गेलेला नाही. आईला विचारले तर कळेल. विचारणार नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला. पहिल्या फेरीत काही लागले तर पुढे काय करायचे, असे विचारले. मी चारही पर्याय पुन्हा सांगितले: मिळाले ते घेऊन थांबायचे, मिळाले ते धरून ठेवून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबायचे, मिळालेले सोडून पुढच्या फेरीची वाट पाहायची, किंवा यातून बाहेर पडायचे. ते म्हणाले, "दुसरा. हातातलं न सोडता वर बघायचं." मी म्हटले, हातात काही आले तर. ते म्हणाले, "ते तर हायच." आणि काही वेळाने, कंदील खाली करत, "न्हाईच आलं तर सांग. लातूरचं आणि एकदा बघूया."

लातूरचे आणखी एकदा, हे आमच्याकडून होणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी ते ऐकल्यावर छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले, हे खरे आहे आणि मी ते लिहून ठेवते. काठावर आहे ती काठावरच आहे. गोठ्यातून घरात येईपर्यंत माझा क्रमांक एकानेही पुढे गेलेला नाही. बावीस लाखांहून अधिक जणांनी ही परीक्षा दिली, त्यांतले कितीतरी आज रात्री असेच जागे असतील, आणि त्यांतल्या किती घरांत आज पंचमीचे कडबू झाले असतील, असे उगाच मनात येऊन गेले.

फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लावून आले आहे. सकाळी सहाला माळावर जायचे ठरले आहे, पाऊस असला तरी. मी वेल सरीवर टाकत पुढे जायचे, बाबांनी मागून त्यांचा मधला भाग मातीत दाबत यायचे. सहा सऱ्या आहेत, दुपारपर्यंत उरकतील. पोत्याखालचे वेल आता बघून आले. टोके हिरवी आहेत, अजून एक दिवस टिकली असती.